पेजेतली गोळी

चौलच्या माळावर इतकी गर्दी, की वडापाववाल्याने पाव आगाऊच मागवून ठेवले होते. मांडवात उरणचा ट्रेलरमालक हिरामण उभा. फुफ्फुसातला कॅन्सर डोक्यात चढून तिथे गाठ झाली आणि त्याचा डावा हात लुळा पडला होता. आता तोच हात नारळ उचलून दगडावर फोडत होता.

"गाठ विरघळली!" विभूतीबाबा गरजले. "एमआरआयमध्ये दिसली तर घाबरू नका. मशीनला श्रद्धा नसते!"

बाबांची अट एकच होती, इंग्रजी औषध बंद. हिरामणने ऑपरेशनची तारीखही सोडली. त्याच्या बायकोचा, केसरचा, बाबांवर विश्वास होता. पण हॉस्पिटलच्या गोळ्या फेकून देण्याइतका नव्हता. ती त्या कुटून, गुपचूप, नवऱ्याच्या पेजेत मिसळत होती. वर लोणच्याची फोड.

अमावास्येला बाबांनी हिरामणला मठातच ठेवून घेतलं. कडक उपास, फक्त तीर्थ. उपास सुटायच्या दिवशी पुन्हा मांडव भरला. हिरामणने नारळ उचलला. तो हातातून सुटून गडगडत वडापावच्या गाडीखाली गेला.

"याच्या घरात कुणीतरी पाप केलंय!" बाबा तत्काळ म्हणाले. "कबूल करा!"

केसर उठली. "मी केलाय. यांच्या पेजंत डॉक्टरची गोळी घालत व्हते."

"बघा! म्हणून हात पडला!"

"न्हाय बाबा. पाप चालू व्हता तवर हात उठत व्हता. तुमच्या उपासात पेज बंद झाली, तवा पडला."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. बाबांना अचानक ध्यान लागलं.

दोघं पुन्हा हॉस्पिटलात गेली. तिथे डॉक्टर विनितांनी आधी केसरला झापलं. रोग्याला चोरून औषध द्यायचं नसतं, आणि ही गोळी अशी एकदम बंद करायचीही नसते. मग हिरामणला समजावलं, "गोळीने गाठीभोवतीची सूज उतरली, म्हणून हात चालला. गाठ होती तिथेच आहे. एकच आहे, काढता येण्यासारख्या जागी. काढू, मग त्या जागेला रेडिएशन देऊ, फुफ्फुसाचं औषध चालूच राहील."

"मंजे मी पूर्ण बरा व्हनार? गॅरंटी?"

"नाही. कुणाला महिने मिळतात, कुणाला वर्षं. तुम्हाला किती, मला ठाऊक नाही."

"बाबांनी गॅरंटी दिली व्हती."

"त्यांना द्याला काय जातंय?" केसर म्हणाली. "हात तुमचा जातोय."

ऑपरेशन झालं. हिरामण आता पेजेची वाटी डाव्या हातात धरतो. गोळी ताटात, लोणच्याशेजारी, उघड्यावर असते. पुढचा एमआरआय व्हायचाय, आणि तो काय दाखवील ते कुणालाच माहीत नाही.

तेव्हा मंडळी, गॅरंटी देणाऱ्याच्या पाया पडण्याआधी, "ठाऊक नाही" म्हणणाऱ्याला एकदा दाखवून या. आणि हात उठलाच, तर टाळ्या वाजवण्यापूर्वी विचारा: सकाळी पेजेत काय होतं?