डालग्याखालची तांबडी

मित्रांनो, मी बांबूच्या कामट्यांचे एक जुने डालगे आहे. कुणी मला टोपली म्हटले की राग येतो. टोपलीत भाकरी ठेवतात. मला उपडे घालून माझ्याखाली कोंबड्या डालतात. वत्सलाबाईंनी नेकनूरच्या बाजारातून मला डोक्यावर आणले, तेव्हा मी किती तोऱ्यात होते! मांजर आले, मुंगूस आले, पण माझ्याखालचे पिल्लू कधी गेले नाही. "लई गुणाचं हाय माझं डालगं," बाई सगळ्यांना सांगायच्या.

पण बाईंचे मन फार मऊ. कोंबडी खुडूक होऊन उबवायला बसली की घरातली सगळी अंडी तिच्याखाली ठेवायच्या. पिल्ले निघत, त्यांत निम्मे कोंबडे. त्यात घरात कुणी शिंकले तरी बाईंचा नवस ठरलेला, एक कोंबडा देवाला! नवसाचा कोंबडा विकायचा नाही, पाहुण्यालाही कापायचा नाही; देवाच्या यात्रेतच कापायचा. आणि यात्रा आली की बाईंचे डोळे भरत. "पुढल्या साली बघू," म्हणत.

आता अंगणभर कोंबडेच झाले आहेत. ते दिवसभर झुंजतात आणि सगळे मिळून तांबडीच्या मागे लागतात. तांबडी ही बाईंची सर्वांत लाडकी कोंबडी. त्यांच्या चढण्याने तिच्या पाठीवर पीस उरलेले नाही, कातडी फाटली आहे. शेवटी बाईंनी तिलाच माझ्याखाली डालले.

"आत्या, कोंबडे कोंडा की! हिला कामून कोंडता?" सून वनमाला म्हणाली.

"देवाचे हायेत ते. त्यास्नी कोंडून पाप घेऊ व्हय?"

दांडगाई करणारे मोकळे आणि मार खाणारी कैदेत. कोंबडे माझ्यावर चढतात, मोडलेल्या कामट्यांतून चोची घालतात. तांबडी अंग चोरून मधोमध बसते. मला जागचे हलताही येत नाही. फार लाज वाटते.

आज तिने दाणा टिपला नाही. वनमालाने अजून नवसात न बोललेला एक तरणा कोंबडा विकायला नेण्यासाठी पाय बांधून ठेवला होता. बाई रडत रडत त्याच्यापाशी गेल्या. मला वाटले, आता तरी त्या त्याला बाजारात धाडतील.

"देवा, माझी तांबडी वाचू दे," त्या म्हणाल्या, "ह्यो कोंबडा तुझ्या नावानं सोडते." आणि त्यांनी त्याचे पाय सोडले.

मित्रांनो, तुम्हाला बोलता येते. दहा कोंबड्यांत एक कोंबडा पुरे, बाकीचे वेळीच वेगळे करा, सगळीच अंडी उबवू नका, एवढे कुणीतरी बाईंना सांगा हो. लवकर सांगा. तांबडी अजून माझ्याखाली श्वास घेते आहे.