गंजावरचा लाल रंग

माझी तान्ही लेक ठकी झोपली की माझ्या हातात चाळीस मिनिटं असतात. कधी पंचवीसच. तेवढ्यात मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरते आणि बाबांचं लाल इंजिन पुढ्यात घेते.

बाबांच्या खेळण्यातल्या आगगाड्या सगळ्या जुन्या, पत्र्याच्या, किल्लीवर चालणाऱ्या. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी दुरुस्ती सोडली. मागच्या महिन्यात खोकं माझ्याकडे सरकवत म्हणाले, "यातलं लाल वाया गेलंय, बाकीच्या बघ." मी नेमकं लालच उचललं. का, ते सांगितलं नाही.

बाबांचा नियम एकच : गंजावर रंग मारायचा नाही. आधी गंज पार काढायचा, नाहीतर तो रंगाखाली बसून पत्रा खात राहतो. आमच्या घरात हे "हात धुतलेस का?"च्या खालोखाल ऐकू यायचं.

मी चाकं आणि स्प्रिंग काढून ठेवली. सांगाडा व्हिनेगरमध्ये बुडवला. दुसऱ्या दिवशी पितळी ब्रशने घासायला घेतला, तर फोड आलेला लाल रंग पापुद्र्यांनी निघू लागला. खाली गंजच गंज. रंगात ब्रशचे दोन केस अडकलेले, एका बाजूला ओघळ. आणि पोटाकडे, ओल्या रंगात उमटलेला अंगठा. लहान. दादाचा, तो अकरा वर्षांचा असतानाचा.

माझा हात थांबला. तोवर अर्धा अंगठा घासला गेला होता.

तेव्हा मी सहा वर्षांची होते. बाहुलीला अंघोळ घातली, मग इंजिनाला घातली, आणि ते मागच्या नळाजवळच्या बादलीत तसंच विसरले. तीन दिवसांनी दादाला सापडलं. मी भोकाड पसरणार तेवढ्यात तो म्हणाला, "गप्प बस गं, मी बघतो." बाबा कामावरून यायच्या आत त्याने इंजिनावर लाल रंग फासला.

बाबांना दारातच रंगाचा वास आला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"गंजावर रंग मारलास? ज्याला झाकायचं असतं, त्याच्या हातात मी हत्यार देत नाही."

दादाने दाराआड बसलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बाहुलीचे केस विंचरत राहिले.

त्यानंतर तो बाबांच्या टेबलाशी कधी बसला नाही. आता तो लांब राहतो. आठवड्यातून एकदा फोन करतो. "तब्येत?" "बरी." "गोळ्या?" "चालू." झालं, बापलेकांचं बोलणं संपलं.

मी व्हिनेगरचं भांडं पुसत असताना बाबा ठकीला खांद्यावर घेऊन आले. "उठली बघ. आजोबांना बघून रडायची थांबली, आईवर गेली नाही." मग त्यांची नजर टेबलावर गेली. "हे कशाला घेतलंस? तुझ्या भावाचा प्रताप तो."

"बाबा, बादलीत मी विसरले होते. दादाने फक्त झाकलं."

ते खुर्चीवर बसले. ठकी त्यांचा चष्मा ओढत होती, त्यांनी ओढू दिला.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"घाबरले."

"मला?"

"आधी तुम्हाला. मग..." मी भांडं खाली ठेवलं. "मग तुमच्या टेबलाजवळचं त्याचं स्टूल मला मिळालं ना."

खरंच मिळालं होतं. गंज काढायला मी त्याच स्टुलावर बसून शिकले.

बाबांनी इंजिन हातात घेतलं. थरथरत्या बोटाने तो अर्धा अंगठा चाचपला. बराच वेळ. मग म्हणाले, "लाव त्याला फोन. रंग कोणता द्यायचा, विचार."

मी फोन स्पीकरवर टाकला. दादाने उचलला. मागे गाड्यांचे हॉर्न. मी सगळं एका दमात सांगितलं, बाबांनाही सांगितल्याचं.

"अगं, त्याला किती वर्षं झाली," तो म्हणाला. "माझ्या मनात आता त्यातलं काही राहिलं नाही. तुला हवा तो दे."

बाबांनी फोनकडे हात केला आणि मागे घेतला. पुन्हा केला. शेवटी नुसतेच खाकरले.

"कोण आहे तिकडे?" दादाने विचारलं.

"बाबा."



"त्यांना सांग," दादा हळूच म्हणाला, "त्या दिवशी मी घासायला घेतलं होतं. पॉलिश पेपर वरच्या फळीवर होता. हात पोचला नाही."

फोन ठेवल्यावर बाबांनी ठकीला माझ्याकडे दिलं. पॉलिश पेपरचा तुकडा फाडला, आणि अंगठा सोडून, त्याच्या भोवतीने, जमेल तसं घासायला लागले.

"बाबा, तेवढा गंज राहील."

"राहू दे," ते म्हणाले.