टेबलाखालचे पाच ठिपके

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठसा आहे. सध्या मी जेवणाच्या टेबलाच्या एका पायाखाली पालथा पडलो आहे. तोंड जमिनीला टेकलेलं असताना बोलणं जड जातं, तरी ऐका. वेळ थोडा आहे.

मला एका चित्रकार बाईंनी घडवलं. गल्लीत त्यांना नक्षीताई म्हणत. गालिचे, फुलदार पडदे, बशांच्या कडा, उशांचे अभ्रे, यांत त्यांचा जीव अडकलेला. कुणाच्या घरी गेल्या की माणसांआधी भिंतींची विचारपूस करायच्या. त्यांच्या चित्रांतही खोल्याच असत, आणि त्या नक्षीने इतक्या भरलेल्या की लोक विचारत, "यात माणूस कुठंय?"

"आहे की, पडद्याला टेकून बसलाय. नीट बघा," असं ताई म्हणायच्या. काही जण "ही चित्रं की चादरी?" म्हणून नाक मुरडत. त्या मनावर घेत नसत.

पुढे त्यांना वाटलं, नक्षी नुसती रंगवून भागणार नाही, तिच्यात राहायला हवं. म्हणून निजायच्या खोलीच्या भिंतींसाठी त्यांनी चार ठसे कोरले. वेल, पान, फूल, आणि उरलेल्या तुकड्यातून मी. माझ्या अंगावर फक्त पाच ठिपके. बाकीचे तिघे मला हसायचे, आणि मीही स्वतःला लिंबूटिंबूच समजत होतो. पण ताईंनी मला लाल रंगात टेकवून भिंतीवर दाबलं, वरून मूठ ठोकली, आणि वेलीला फळं धरली. त्या दिवशी माझी छाती फुगली.

पलंगाच्या उशाशी एका जागी मला त्यांच्या पाच वर्षांच्या लेकीने उमटवलं. वाकडं. एक ठिपका पानावरच चढला. पोर रडवेली झाली. ताई म्हणाल्या, "राहू दे गं. ही आपली खूण." रोज निजताना त्या तिथे बोट ठेवायच्या. अशी चाळीस वर्षं गेली.

मग ताईंची स्मरणशक्ती विरत चालली. नावं गेली, वार गेले, शेजारीपाजारी गेले. बोट मात्र बरोबर त्या खुणेवर जायचं. पण जिने चढवेनात, म्हणून लेकीने त्यांना तळमजल्यावरच्या नव्या घरी आणलं. जुनं घर मालकाने पांढरंफटक करून टाकलं.

सामान उतरवताना टेबलाचा एक पाय खालून चार बोटं तुटला. औषधांच्या बाटल्या गडगडल्या, ताई घाबरून ओरडायला लागल्या, आणि त्या गडबडीत लेकीने खोक्यातून हाताला आलेला लाकडाचा तुकडा पायाखाली सरकवला. तो तुकडा मीच. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी तिला दोष देत नाही, तिचे दोन हात कुठे कुठे पुरणार?

नव्या घराच्या भिंती कोऱ्या. ताई पहिल्या दिवसापासून जेवेनात. लेकीने घास पुढे केला की अगदी अदबीने म्हणतात, "नको बाई. परक्या घरी कशाला त्रास? मला घरी सोडा." पोटच्या पोरीला 'बाई' म्हणतात. असंच चाललं तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टर सांगून गेले.

लेकीने पेटीतून बाकीचे तीन ठसे काढले आणि अख्खा रविवार खपून उशाकडची भिंत छापली. ताईंनी भिंतीवर हात फिरवला. चेहरा उजळला. बोट वेलीवरून सरकत उशाशी आलं आणि थांबलं. "सुंदर आहे हो तुमचं घर. पण आमच्याकडे इथे लाल असतं."

लेकीने घाईघाईने बोटानेच पाच लाल ठिपके काढले. ताईंनी ते निरखले आणि मान हलवली. "हे माझ्या पोरीच्या हातचं नाही."

तेव्हापासून लेक मला शोधते आहे. पेट्या उलट्या करून झाल्या, माळा झाला, टेम्पोवाल्याला फोन झाला. "छोटासा आहे हो, पाच ठिपक्यांचा," असं त्याला तीनतीनदा सांगून झालं. आणि दमली की येऊन कुठे बसते? याच टेबलाशी, डोकं हातांत धरून. तिचं पाऊल माझ्यापासून वीतभर अंतरावर असतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण मला त्यात हसू येत नाही. एकदा तरी निसटावं म्हणून मी जिवाचा आटापिटा करतो. लाकडाला हलता येत नाही. टेबल जराही डगमगत नाही, हेच माझं दुर्दैव.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं शेवटी सांगायची आमच्यात रीत आहे. मला तेवढा धीर उरलेला नाही. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर बसण्याआधी टेबलाखाली वाका. मला ओढून काढा, उताणा करा आणि तिच्या हातात द्या. टेबल पडलं तर पडू द्या. आज दुपारीही ताईंचं ताट भरलेलंच परत गेलं.