चिंचोके आणि सीताफळाच्या बिया

निवड झाल्याचा ईमेल आला तेव्हा हर्षदा प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होती. तिनं तो वाचला, मोबाइल पालथा ठेवला आणि पुढची बाटली हातात घेतली.

डेन्मार्कमधली फेलोशिप होती. तरुण नोकरदारांनी दहा महिने तिथं राहून लोकशाही नेतृत्व शिकायचं. वस्तीतल्या लोकांना त्यांच्याच पाण्याचे अहवाल समजावून सांगायचे आणि आधी कुठली टाकी धुवायची ते त्यांनाच ठरवू द्यायचं, हे काम हर्षदा सुट्टीच्या दिवशी करायची. त्यावरच तिची निवड झाली. अर्ज भरला तेव्हा आई होती. निवड झाली तेव्हा नव्हती.

आई गेल्यापासून हर्षदाला रडू आलं नव्हतं. भूकही वेळ झाली म्हणून लागायची. जीभ भाजल्यावर दोन दिवस कशाची चव लागत नाही, तसं काहीतरी झालं होतं. फक्त ते दोन दिवस संपत नव्हते.

होकार कळवायची मुदत रविवारी संपत होती.

"मतदान घेऊ," अण्णा म्हणाले.

अण्णा म्हणजे तिचे वडील, लक्ष्मणराव. महसूल खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत असताना दर निवडणुकीला त्यांना केंद्राध्यक्ष म्हणून पाठवायचे आणि त्यांच्या केंद्रावर कधी तक्रार झाली नाही, याचा त्यांना पगारापेक्षा जास्त अभिमान. तीच शिस्त त्यांनी मलकपेठच्या घरात आणली. गच्ची भाड्यानं द्यायची का, कूलर घ्यायचा का, सगळं मतानं ठरायचं. प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक सीताफळाची बी मिळायची. चिंचोका म्हणजे होय, सीताफळाची बी म्हणजे नाही. देवघराचा पडदा ओढून आत जायचं, मत पितळी डब्यात टाकायचं आणि उरलेली बी पत्र्याच्या डब्यात. तो पत्र्याचा डबा हर्षदानं शाळेत असताना सुचवलेला, नाहीतर कुणाच्या मुठीत काय उरलं ते दिसायचं. आपलं मत कुणी सांगायचं नाही आणि दुसऱ्याचं विचारायचं नाही. बरोबरी झाली तर आहे तसंच राहायचं. आणि हरकत घ्यायची तर चहा पिण्याआधी. हे शेवटचे दोन नियम आईचे.

मुलाखतीत हर्षदानं हे सगळं सांगितलं होतं. पडद्यावरच्या गोऱ्या बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी 'चिंचोका' हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

रविवारी दिलसुखनगरहून धाकटा भाऊ वरुण आणि त्याची बायको नेहा आले.

"ताई, तू जा बाबा," वरुण चपला काढता काढताच म्हणाला. "अण्णांना आम्ही नेतो तिकडं. खाली तीन कोचिंग क्लास आहेत, यांना शिस्त लावायला पोरंच पोरं."

"प्रचार बंद!" अण्णा खुर्चीतून ओरडले. "मतदानाच्या दिवशी प्रचार चालत नाही."

"हौ साब," वरुणनं कपाळाला हात लावला. नेहा हसली. हर्षदानंही ओठ हलवले.

अण्णांनी बरणीतून बिया काढून वाटल्या. आधी वरुण आत गेला, मग नेहा, मग अण्णा. ते आत बराच वेळ होते.

"अण्णा, देवाला मत मागताय का?" वरुण म्हणाला.

हर्षदा शेवटी गेली. आईची समई घासायची राहिली होती. कोणती बी टाकायची याचा तिनं विचार केला नव्हता. जायचं तर आधी जावंसं वाटायला हवं, आणि तिला कशाचंच काही वाटत नव्हतं. राहायला तेवढ्याचीही गरज नव्हती. तिनं सीताफळाची बी पितळी डब्यात टाकली आणि चिंचोका पत्र्याच्या.

दरवेळी अण्णा एकेक बी वर धरून सगळ्यांना दाखवत मोजायचे. आज ते पितळी डबा आणि बियांची बरणी घेऊन खिडकीकडे गेले. "उजेड कमी आहे," म्हणाले आणि पाठमोरे उभे राहिले. मग वळून त्यांनी तळहात पुढं केला.

"चार. चारही होय."

तळहातावर चार चिंचोके होते.

"लो! बिनविरोध!" वरुणनं टाळी वाजवली. नेहानं हर्षदाला मिठी मारली आणि चहा टाकायला आत गेली.

हर्षदा जागची हलली नाही. आपण काय टाकलं ते तिला पक्कं माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे आपलं मत सांगायचं, आणि या घरात ते कधी कुणी केलं नव्हतं.

डबे आवरायचं काम आईचं असायचं. आता हर्षदा उठली. देवघरात पत्र्याचा डबा तसाच होता. तिनं झाकण काढलं. दोन सीताफळाच्या बिया आणि दोन चिंचोके.

चौघांनी होय म्हटलं असतं तर इथं चारही सीताफळाच्या बिया हव्या होत्या. म्हणजे दोन होय, दोन नाही. बरोबरी. आहे तसंच राहायचं. अण्णांनी आयुष्यात एकदाच लबाडी केली, आणि त्यात हा डबा विसरले. सवय नव्हती ना.

एक 'नाही' तिचं होतं. दुसरं कुणाचं, हे विचारायचं नसतं.

ती डबा हातात घेऊनच बाहेर आली. अण्णांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना कळलं. नेहानं चहाचा ट्रे स्टुलावर ठेवला.

"हरकत घ्यायचा हक्क आहे," अण्णा म्हणाले. आवाज केंद्राध्यक्षांचाच होता, फक्त थोडा बसलेला. "फेरमोजणी मागता येते. चहाच्या आधी."

"कसली फेरमोजणी अण्णा? चार तर चार," वरुण बिस्किट बुडवत म्हणाला.

अण्णांनी कप उचलला नाही. त्यांची उजवी मूठ अजून मिटलेली होती. हर्षदाला वाटलं, आता काहीतरी आत हलेल. राग तरी यावा. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. काही आलं नाही.

मग तिनं कप उचलला आणि एक घोट घेतला. चहा गरम होता, एवढं कळलं.

"साखर ठीक आहे का, ताई?" नेहानं विचारलं.

"हो. ठीक आहे."

अण्णांनी श्वास सोडला आणि आपला कप घेतला.

वरुण आणि नेहा गेल्यावर तिनं कप गोळा केले. अण्णांच्या बशीत सीताफळाच्या दोन बिया होत्या, मुठीतल्या घामानं ओलसर झालेल्या. अण्णा पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं.

तिनं बिया पदराला पुसल्या, बरणीत टाकल्या आणि होकार कळवायला लॅपटॉप उघडला.

"तिकडं थंडी असेल," अण्णा पेपराआडून म्हणाले.

"असेल."

"आईची शाल ने."

"नेते," ती म्हणाली.