दोन पळ्या पावडर

"चादर मी धुते म्हटलं ना! तू जाऊन पड गुमान." म्हातारीने सुनेच्या हातातून चादर ओढून घेतली.

सून न्हाणीघराच्या दारात भिंत धरून उभी होती. आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली होती, वर औषधाचे दोन डोस झाले होते, आणि कालपासून ही चौथी चादर भरली होती.

"आई, लाज वाटते हो. या वयात तुम्ही माझं हे सगळं..."

"शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं दोनशे पोरांचं खरकटं उपसलंय मी. तुझं काय कौतुक!"

तोंड नेहमीसारखंच चाललं होतं, पण नजर चादरीवरून वर उचलत नव्हती. लाज कुणाला वाटायला हवी, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या आठवड्यात इस्पितळातून आहाराचा कागद आला. मुलाने तो मोठ्याने वाचला. दूध, साय, लोणी बंद. गोड हवं तर पाण्यात मऊ शिजवलेला भात, पिकलं केळं, साल काढून उकडलेलं सफरचंद.

"याला गोड म्हणतात? यापेक्षा कागद उकडून घाला तिला!" म्हातारी फणकारली. तरी केलं. सुनेने दोन चमचे खाल्ले आणि वाटी सरकवली. म्हातारीच्या हातची वाटी आजवर भरलेली परत आली नव्हती. ते तिच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने भातात दोन पळ्या दुधाची पावडर घातली. कागदावर दूध लिहिलंय, पावडर कुठे लिहिलीय? शाळेतली पोरं याच पावडरीवर वाढली, एकाचं पोट बिघडलं नाही. असं स्वतःला बजावलं खरं, पण डबा मात्र डाळींच्या मागे दडवला.

सुनेने वाटी चाटूनपुसून संपवली. "आई, तुमच्या हाताला चव आहे हं!"

बावीस वर्षांत सून हे पहिल्यांदा बोलली होती. त्या एका वाक्यापायी म्हातारीने तिसऱ्या दिवशीही डबा काढला. जुलाब सुरू झाले तेव्हा ती मनाशी म्हणाली, औषधाचेच असतील. आणि चौथ्या दिवशीही काढला.

आता ती चादर पिळत होती, तेवढ्यात खोलीतून मुलाचा आवाज आला. फोनच्या स्पीकरवर इस्पितळातली नर्स होती.

"असंच चालू राहिलं तर पुढचा डोस लांबवावा लागेल. दुधाचं काही पोटात गेलंय का?"

"छे हो! सगळं आई करते. कागदाबाहेर पाऊल टाकत नाही ती."

"माझंच शरीर नालायक," सून पडल्या पडल्या पुटपुटली. "त्या बिचाऱ्या राबतायत."

म्हातारी ओल्या हातांनीच दारात आली. गप्प राहिली असती तर ब्रह्मदेवालाही कळलं नसतं.

"दे तो फोन इकडे." तिने फोन तोंडाशी धरला. "बाई, मी घातली. दुधाची पावडर. रोज दोन पळ्या, तीन दिवस."

"आई!" मुलगा एवढंच म्हणाला.

"सांगितलंत ते बरं झालं," नर्स म्हणाली. "पावडर बंद करा, मीठ-साखरेचं पाणी पाजत राहा आणि आजच त्यांना दाखवायला आणा. डोसचं डॉक्टर ठरवतील."

मुलगा गाडी काढायला गेला. तो ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. सून भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"तू तरी बोल. शिव्या दे."



"चव छान होती, आई," सून भिंतीलाच सांगावं तशी म्हणाली.

डोस आठ दिवस लांबला. जुलाब थांबले, त्या सकाळी म्हातारीने भाताचं पातेलं, सफरचंद, सुरी आणि पाण्याचं भांडं ताटात घेतलं आणि सुनेच्या पलंगाशी स्टूल ओढून बसली.

"इथे कशाला, आई? माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"तुझा असेल."

सफरचंदाची साल तिने सुनेच्या डोळ्यांसमोर काढली. मग भांड्यातलं पाणी आधी स्वतःच्या तळहातावर ओतलं, हात उजेडात धरून ते नितळ असल्याचं सुनेला नीट दाखवलं, आणि तेव्हा कुठे भातात घातलं.