किलिमांजारोवरचा पंपाचा स्टो

मी पितळी स्टो बोलतोय. माझं अर्धं आयुष्य माणसांच्या पाठीवर गेलं.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मोशीच्या बाजारातून मला न्देवारिओने आणलं. किलिमांजारोवर पाहुण्यांचं सामान वाहणाऱ्या हमालांच्या तुकडीचा तो स्वयंपाकी. वर लाकूड पेटवायला बंदी, त्यामुळे सगळ्यांच्या पोटाची जबाबदारी माझ्यावर. तो रोज मला पिन मारायचा, पुसून लख्ख करायचा. तंबूत मला पेटवलं, की दार मात्र उघडं ठेवायचा. हमाल कुडकुडत कुरकुर करायचे.

“दात वाजू देत,” तो म्हणायचा. “दार लावून धुरात झोपलात, तर वाजायचेही बंद होतील.”

एका दुपारी गारांनी झोडपलं. सगळे भिजून तंबूत शिरले. पातेल्यात मक्याच्या पिठाची घट्ट उगाली रटरटत होती आणि ऐन वेळी माझं पोट रिकामं झालं. टांगा शहराकडचा म्बारुकु, तुकडीतला सगळ्यात दणकट गडी, भुकेने कासावीस झाला होता. डोंगर चढायच्या फाटकापाशी नवा भरून घेतलेला रॉकेलचा डबा त्याने उचलला आणि माझं झाकण फिरवायला हात घातला. मी अजून लालबुंद होतो.

“ठेव तो खाली,” न्देवारिओ म्हणाला.

“दादा, बायकोला तरी इतकं जपतोस का?”

“बायको भडकली तर तंबू जळत नाही.”

सगळे हसले, पण म्बारुकुचं तोंड उतरलं. न्देवारिओने माझी हवा सोडली आणि मला बाहेर दगडाच्या आडोशाला नेलं. मी निवेपर्यंत तो गारा खात शेजारी बसला. आतून शिव्या ऐकू येत होत्या. मी गार झाल्यावर त्याने डब्याचं बूच काढलं आणि वास घेतला. मग बूच घट्ट लावून डबा लांब नेऊन ठेवला. डब्यात रॉकेल नव्हतं, पेट्रोल होतं. भरणाऱ्याकडून डब्यांची अदलाबदल झाली होती.

आत येऊन त्याने एवढंच सांगितलं. म्बारुकु उठला, गारांतच शेजारच्या तुकडीकडे गेला आणि उसनं रॉकेल घेऊन आला. उगाली जरा करपली, गुठळ्याही झाल्या होत्या. पण तशी चाटूनपुसून खाल्लेली उगाली मी पुन्हा पाहिली नाही.

आता डोंगरावर गॅसच्या शेगड्या जातात. मी मरांगू गावात न्देवारिओच्या पडवीत असतो. त्याची बायको एलिन्किरा माझ्यावर केळ्यांचं सूप करते. वारा येतो, कोंबड्या फिरतात, कोणाची पळापळ नाही. मी सुखात आहे.

एकच मागणं आहे. मला उघड्या हवेत पेटवा. रॉकेल भरण्याआधी मला निवू द्या. भूक तेवढा वेळ थांबते. मी तिच्या शेजारी बसून पाहिलं आहे.