हे खातं काय?

हॉस्पिटलात तिच्या माघारी तिला नकारघंटा म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. घंटा निदान ऐकू तरी जाते. खरेदी विभागाची प्रमुख म्हणून तिने आयुष्यभर ज्या ज्या वस्तूंना नाही म्हटलं, त्यांची रास घातली असती तर गच्चीवरही मावली नसती. वजन मोठ्याने बोलून दाखवणारे काटे, भिंतीतून सुवास सोडणाऱ्या पेट्या, बटण दाबलं की रुग्णाला अलगद उभं करणारा पलंग. "इतका उभा राहू शकणारा माणूस घरी का जात नाही?" असं तिने तेव्हा विचारलं होतं, आणि पलंग आला तसा परत गेला होता.

त्या दुपारच्या बैठकीत मात्र नाही म्हणणं जड होतं. एक तर वस्तू फुकट मिळत होती. त्यात ती तिच्या आईच्या नावाने मिळत होती. आणि देणारा तिचा सख्खा थोरला भाऊ होता, तो टेबलाच्या पलीकडे बसून तिच्याकडेच बघत होता.

दादा मालमोटारींच्या धंद्यात वर आला होता. एका जुन्या ट्रकवर सुरुवात केलेला माणूस, आता त्याच्या गाड्या मोजायला त्यालाच वेळ नसे. त्याला आईच्या नावाने अख्ख्या शरीराचा फोटो काढणारं मोठं स्कॅनिंग यंत्र द्यायचं होतं. दारावर पितळी पाटी, पाटीवर आईचं नाव.

"आमची आई याच हॉस्पिटलात गेली," दादा म्हणाला. "वेळेवर निदान झालं असतं तर वाचली असती. दुसऱ्या कुणाच्या आईवर ती वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि कागद तिच्याकडे सरकवला. यंत्र कोणीही देवो, ते चालवण्याचा खर्च हॉस्पिटलला झेपेल अशी खरेदी प्रमुखाची सही लागे. तो नियम तिनेच भांडून करून घेतला होता.

"तेवढी सही करून टाका बाई," अध्यक्ष म्हणाले.

"नाही करत," ती म्हणाली.

खोलीत कुणीतरी खोकलं. अध्यक्ष हसले, लहान मुलाशी हसावं तसं. "अहो, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत."

"दात नाही मोजत मी, चारा मोजतेय. या यंत्राला स्वतःची खोली लागते, ती रात्रंदिवस थंड ठेवावी लागते. चालवायला शिकलेला माणूस लागतो. कंपनीचा देखभालीचा करार दरवर्षी करावा लागतो, आणि तो नाही केला तर पहिल्या बिघाडालाच यंत्राचं कपाट होतं. हा झाला खर्च. आता लाभ बघा. असंच यंत्र दोन रस्ते पलीकडच्या हॉस्पिटलात आहे. आपले रुग्ण आपल्याच गाडीतून तिथे जातात आणि तासाभरात परत येतात. म्हणजे वाचणार काय, तर दोन रस्ते."

"फी मिळेल की."

"त्यांचंच यंत्र दुपारनंतर रुग्णांची वाट बघत बसतं. आपलं कुणाची बघणार?"

"मग तुला हवंय तरी काय, चिमे?" दादाने भर बैठकीत तिला घरच्या नावाने हाक मारली. केस पांढरे झालेल्या बाईला चिमी म्हटल्यावर दोन तरुण डॉक्टरांनी ओठ दाबले.

"कुकर," ती म्हणाली.

कुकर म्हणजे थिएटरशेजारच्या खोलीतलं ते मोठं लोखंडी पिंप. शस्त्रक्रियेची अवजारं आणि कापडं त्यात वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक होत. त्याचं खरं नाव कागदावर, तोंडात सगळ्यांच्या कुकरच. तो म्हातारा झाला होता. कधी दाब चढे, कधी चढत नसे. ज्या दिवशी चढत नसे त्या दिवशी थिएटरच्या सिस्टर अवजारं बाहेर काढायला साफ नकार देत, आणि उपाशीपोटी आलेल्या रुग्णांना पुढची तारीख देऊन घरी पाठवावं लागे.

"आईचं नाव भांडी वाफवायच्या पिंपावर घालू?" दादा उठलाच. "घरची धुणी चव्हाट्यावर धुवायची हौस आहे तुला. लहानपणापासून आहे."

तो गेल्यावर अध्यक्षांनी दार लोटून घेतलं. ती निवृत्तीच्या वयाची केव्हाच झाली होती, दरवर्षी मिळणाऱ्या मुदतवाढीवर तिचं काम चाललं होतं. "आज घरी जाऊन भावाची समजूत काढा," ते म्हणाले. "मुदतवाढीचा कागद माझ्याच टेबलावर आहे, एवढं लक्षात असू द्या."

"पडू द्या तिथेच. तो काही खात नाही."

संध्याकाळी ती दादाकडे गेली, पण समजूत काढायला नव्हे. दार वहिनीने उघडलं. बैठकीच्या खोलीत मुलाने भेट दिलेलं धावण्याचं यंत्र उभं होतं आणि त्याच्या दांड्यांवर टॉवेल वाळत होते.

"बस," वहिनी म्हणाली. "आतमध्ये वाघ पिंजऱ्यात फिरतोय. मी चहा टाकते, तोवर एकमेकांना खाऊन घ्या."

दादा बाहेर आला आणि खिडकीकडे तोंड करून बसला.

"तुला तो फ्रीज आठवतो?" तिने विचारलं.

आठवत होता, हे त्याच्या मानेवरून कळलं. त्या काळी गल्लीत कुणाकडेच फ्रीज नव्हता. बाबांचे साहेब बदलून दूरच्या गावी चालले होते, त्यांनी आपला फ्रीज फुकट देऊ केला होता. हमालांनी तो दारापर्यंत आणलाही होता. अख्खी गल्ली गोळा झाली होती. दादा त्याच्या पांढऱ्या दाराला गाल लावून उभा होता, आणि आईने पदर खोचून हमालांना विचारलं होतं, "हा खातो काय?"

वीज खातो म्हटल्यावर तिने किती ते विचारलं. मग बिघडला तर दुरुस्त कोण करतो ते विचारलं. मग घरात नजर फिरवली. आत ठेवायला काय आहे? सकाळचं दूध दुपारी संपतं, भाजी रोजची रोज येते. "न्या परत," ती म्हणाली. गल्ली महिनाभर हसली. दादा दोन दिवस जेवला नाही. दिवाणाच्या पेटीत साठवलेल्या पैशांतून आईने पुढे कुकर आणला, आणि तेव्हापासून संध्याकाळी तिला चुलीपुढून उठून पोरांच्या अभ्यासाशी बसायला वेळ मिळू लागला. चिमी पुढे नोकरीत प्रशिक्षणाला गेली, तेव्हा एका गृहस्थांनी फळ्यावर दोन रकाने आखून त्याला खर्च-लाभ विश्लेषण म्हणतात असं सांगितलं. तिला हसू आलं होतं. एवढं लांबलचक नाव, आणि प्रश्न आईचाच.

"तू ट्रकवाला ना," ती म्हणाली. "कुणी फुकट ट्रक दिला तर डिझेल किती पितो ते न विचारता घेशील?"

"ट्रकची गोष्ट वेगळी. ही आईची आहे."

"आई कशाने गेली दादा?"

"निदान उशिरा झालं."

"नाही. निदान झालं होतं आणि ऑपरेशनही चांगलं झालं होतं. दुसऱ्या दिवशी ती माझ्याशी भांडली, वेणी घट्ट घातलीस म्हणून. तू गाडी घेऊन लांब गेला होतास. तू आलास तेव्हा ती बोलत नव्हती. मधले दिवस मी तिथे होते. जखम चिघळली. पट्टी सोडली की खोलीत उभं राहवत नसे. त्या महिन्यात त्या वॉर्डातल्या आणखी बायकांच्या जखमा चिघळल्या."

दादाने मान वळवली.

"कुकरचा दाब चढत नव्हता. तेव्हाच्या सिस्टरांनी लेखी कळवलं होतं. पण त्या वर्षी कुणीतरी दात्याने दारापुढे कारंजं बांधून दिलं होतं. कारंजं फुकट आणि पंप दर महिन्याला बिघडायचा. कुकरच्या दुरुस्तीचे पैसे त्या पंपाने खाल्ले. आई गेल्यावर नवा कुकर आला, तोच हा. आणि ते कारंजं अजून आहे. त्यात पाणी नाही, कुत्रं झोपतं. पाटी मात्र चकचकीत आहे."

वहिनी चहा घेऊन दारातच थांबली होती. दादाने कप घेतला, न पिताच खाली ठेवला.

"बरं, ऐक," तो म्हणाला. आता तो धंद्यातला माणूस झाला होता. "तुझंही राहू दे, माझंही राहू दे. यंत्रही घे आणि कुकरही घे. दोन्ही देतो. झालं?"

हो म्हणायला काय लागत होतं? नवा कुकर हात पुढे केला की मिळत होता. अध्यक्ष खूश, दादा खूश, तिची मुदतवाढ पक्की. पण डोळे मिटले की तिला चार वर्षांनंतरची बैठक दिसत होती. मोठ्या यंत्राचा करार समोर, हॉस्पिटलच्या हातात तेवढेच पैसे, आणि कुणीतरी म्हणतंय, कुकरची दुरुस्ती यंदा राहू द्या. त्या बैठकीत ती नसणार होती.

"नको," ती म्हणाली.

"चिमे, मी दोन्ही देतोय."

"देतोयस एकदा. खाणार ते दरवर्षी. नको."

"मग माझ्याकडून फुटकी कवडी मिळायची नाही. हेच यंत्र मी त्या पलीकडच्या हॉस्पिटलला देईन. ते तरी हात जोडून घेतील."

"दे."

वहिनीने रिकामे न झालेले कप उचलले. "दोघंही सासूबाईंवर गेलात," ती म्हणाली. "एकाने नाक घेतलं, एकीने हट्ट. शहाणपण कुणाकडे गेलं ते विचारायचं राहूनच गेलं."

मुदतवाढ मिळाली नाही. ते तिला चपराश्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. त्याने लिफाफा असा दोन बोटांत धरला होता, जणू तो त्यानेच लिहिला होता. ती टेबलाचे खण आवरू लागली. जाताना कुणी विचारलंच, तर पुन्हा हेच करेन असं सांगायचं तिने ठरवलं होतं. पण कुणी विचारलं नाही. लोक जिन्यात भेटले की घड्याळाकडे बघत.

शेवटच्या आठवड्यात एका सकाळी कुकर पुन्हा बसला. ती थिएटरकडे गेली तेव्हा सिस्टर दारात उभ्या राहून एका बाईला समजावत होत्या. बाई लेकीला ऑपरेशनसाठी घेऊन आली होती. लेक उपाशी होती, आणि आता दोघींना परत जायचं होतं.

"तिसऱ्यांदा आलोय आम्ही," बाई म्हणाली. ती ओरडत नव्हती, तेच वाईट होतं.

"माहीत आहे हो," सिस्टर म्हणाल्या. "पण या अवजारांनी मी माझ्या लेकीलाही हात लावू देणार नाही."

त्या मायलेकींच्या मागे, भिंतीला टेकून, दादा उभा होता. कधीपासून, कोण जाणे.

"तू इथे कसा?"

"काल पलीकडे गेलो होतो. त्यांना यंत्र द्यायला." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "नको म्हणाले. म्हणाले, आमचंच उभं आहे. मी आत जाऊन बघितलं. भर दुपारी दिवे मालवलेले, आणि तो चालवणारा पोरगा शब्दकोडं सोडवतोय." तो जरा थांबला. "उभी गाडी मालकाला खाते. हे मी माझ्या ड्रायव्हरांना रोज सांगतो."

बोलण्यासारखं खूप होतं, पण जिंकलेल्या डावावर पुन्हा पत्ते टाकायची तिला सवय नव्हती.

मायलेकी हळूहळू जिना उतरत गेल्या. दादा त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत राहिला. मग तो कुकरच्या खोलीत शिरला. गार पडलेल्या त्या पिंपाभोवती तो एक फेरी मारून आला, जुन्या ट्रकभोवती मारावी तशी. दाराच्या चाकाला हात लावला, रबर चिमटीत धरून बघितलं. ते भेगाळलं होतं.

"नवा घेतला," त्याने विचारलं, "तर हा खातो काय?"

आईचा प्रश्न त्याच्या तोंडून तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. तिला एकदम तो फ्रीजला गाल लावून उभा असलेला पोरगा आठवला.

"पाणी. वीज. आणि दरवर्षी दाराचं रबर. माणूस आहेच. आणि तो रुग्णांची वाट बघत बसत नाही, रोज दिवसभर गुपचूप चालतो. म्हणून तो लाभाच्या रकान्यात कुणाला दिसत नाही. बंद पडला की दिसतो."

"आणि पाटी? इथे कोण वाचणार आहे?"

"नाव काही खात नाही. कुठेही लाव."

तो हसला, नाकातून, अगदी आईसारखा. मग खिशातून फोन काढला. "माझ्या ओळखीचा एक आहे, असली यंत्रं आणतो. माझ्या शब्दावर उद्या पाठवेल, स्वस्तात. सांगून टाकू?"

"नाही," नकारघंटा म्हणाली. "आधी तिघांचे दर मागवायचे. शनिवारपर्यंत मी इथेच आहे."